कॅनबेराच्या गॅलरीतली राजकीय आदिवासी कला: सहलीत पाहावी का, आणि पाहायची तर कशी?

पाऊलवाट

सध्या आम्ही सहकुटुंब ऑस्ट्रेलियात आहोत. नवरा, सासूसासरे, नववीतली लेक आणि मी. काल कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत गेलो होतो. मूळ बेत तासाभरात बाहेर पडून तळ्याकाठी फिरायचा होता, पण एका दालनात मी अडकले ती अडकलेच.

तिथे दोनशे ओंडके उभे आहेत. वाळवीने आतून पोखरलेल्या झाडांचे, काही माणसाच्या उंचीचे, काही त्याहून बरेच उंच. मधून एक वाट काढली आहे, ती उत्तरेकडच्या ग्लाइड नदीच्या प्रवाहासारखी वळत जाते. अर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग भागातल्या ४३ कलाकारांनी ते रंगवले. त्या भागात मृताच्या अस्थी अशा पोकळ ओंडक्यात ठेवून शेवटचा विधी करतात. हे दोनशे मात्र रिकामे आहेत. १९८८ साली देशभर गोऱ्या वसाहतीची दोनशे वर्षं साजरी होत होती, तेव्हा या मंडळींनी दर वर्षामागे एक असे ओंडके उभे केले. आपली जमीन राखताना जे मेले आणि ज्यांचे विधी झालेच नाहीत, त्यांच्यासाठी.

जवळ जाऊन पाहिलं तर गेरू, पांढरी माती आणि कोळसा यांच्या केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींना छेदत जातात. लाकडाला जिथे गाठ किंवा बाक आहे तिथे रेघही वळते. मासे, कासवं, पाणपक्षी. हे सगळं इतकं सुंदर आहे की माहिती न वाचता कोणी गेलं तर 'काय सुरेख लोककला' म्हणून फोटो काढून पुढे जाईल. आमच्यासमोर बरेच जण गेलेही.

नवऱ्याचं म्हणणं, "आपण सुट्टीवर आलोय. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपण कशाला बघत बसायचं?" त्यावर आमचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. माझं मत असं, की ही चित्रं म्हणजे अर्ज आहेत, जमिनीचे दाखले आहेत, थडगी आहेत. ती कोणीतरी वाचावीत म्हणूनच मांडली आहेत. परक्या माणसाने वाचली तर त्यात काही वावगं नाही, उलट वाचायलाच हवीत.

तुमचा अनुभव काय? अशा प्रदर्शनाला जाण्याआधी इतिहास वाचून जावं, की कोऱ्या मनाने जावं? लहान मुलांना नि वडीलधाऱ्यांना कसं दाखवायचं? उद्याचा दिवस कॅनबेरात आहे, मग सिडनी. तिथे काय चुकवू नये तेही सांगा.

तिखटमीठ

छान लिहिलंय. फोटो टाका की!

सिडनीकर

पाऊलवाट, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सिडनीत दोन गोष्टी चुकवू नका. पहिली, सर्क्युलर कीला समकालीन कलेचं संग्रहालय आहे. आदिवासी चित्रकार डॅनियल बॉइडचं २००६ सालचं 'वी कॉल देम पायरेट्स आउट हिअर' हे चित्र त्यांच्या संग्रहात आहे. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक सिडनीजवळच्या बॉटनी बेला उतरतोय असं एक भारदस्त जुनं चित्र आहे, १९०२ सालचं. बॉइडने तोच देखावा घेतला आणि कुकच्या डोळ्यावर चाच्याची काळी पट्टी चढवली. सध्या भिंतीवर आहे का ते जाण्याआधी बघून घ्या, संग्रहातली चित्रं आलटून पालटून लावतात.

दुसरी गोष्ट उघड्यावर आहे. हाइड पार्कच्या दक्षिण टोकाला अँझॅक या युद्धस्मारकाजवळ आदिवासी कलाकार टोनी अल्बर्टने २०१५ साली उभारलेलं शिल्प. सात मीटर उंचीच्या बंदुकीच्या गोळ्या उभ्या आणि शेजारी रिकामी काडतुसं आडवी पडलेली. चार उभी, तीन आडवी. टोनीचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढले. ते आणि त्यांचे सहा सोबती युद्धकैदी होते, कैदेतून निसटले आणि इटलीच्या सैनिकांच्या हाती लागले. रांगेत उभं करून गोळ्या घालायला सुरुवात झाली. तिघे पडल्यावर एका अधिकाऱ्याने थांबवलं. म्हणून चार आणि तीन.

आता तुमच्या यजमानांच्या मुद्द्याबद्दल. आम्ही इथे नागरिकत्व घेतलं, घर घेतलं. ज्या जमिनीवर घर आहे ती कोणाची होती हा प्रश्न आता माझ्याही घरातला आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ला आदिवासींना संसदेपुढे आपला आवाज असावा यासाठी जनमत घेतलं, तेव्हा मीही मतदान केलं. साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. एकाही राज्यात होकार आला नाही, फक्त कॅनबेराच्या राजधानी प्रदेशात आला. आदिवासींना जनगणनेत मोजावं यासाठीच्या १९६७ च्या जनमतात ९०.७७ टक्के होकार होता. हे दोन आकडे मनात ठेवून त्या ओंडक्यांमधून चाला, वेगळं दिसेल.

जुनंखोड

मी थोडं विरोधात बोलतो.

चित्रासमोर उभं राहिल्यावर बाजूच्या पाटीवरचा निबंध वाचल्याशिवाय काही कळत नसेल तर ते चित्र कमी पडलं असं मी समजतो. एमिली काम नग्वारे या आदिवासी चित्रकर्तीची मोठी कॅनव्हासं मी पाहिली आहेत. ऐंशीच्या घरात पोचल्यावर ही बाई कॅनव्हासवर रंगवायला लागली आणि १९९६ ला जाईपर्यंत थांबली नाही. मला त्या चित्रांपुढे कोणताही इतिहास लागला नाही. रंग अंगावर येतो, बस. प्रत्येक चित्राला मोर्च्यातला फलक करून टाकलं की चित्र मरतं. प्रवाशाने डोळे उघडे ठेवावेत, पाट्या नंतर.

टिवल्याबावल्या

पाऊलवाट, यजमानांना गॅलरीच्या कॅफेत बसवा. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत नवरे आणि सासरे तिथेच सुखी असतात, हे माझं दीर्घ निरीक्षण आहे.

मृदगंध

टिवल्याबावल्या, आमच्याकडे उलट. मी कॅफेत आणि नवरा पाट्या वाचतोय!

रेषा

जुनंखोड, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो. चित्र आधी डोळ्यांनी पाहावं हे खरंच. पण उदाहरण तुम्ही नेमकं असं निवडलंत की ते तुमच्याच विरुद्ध जातं.

एमिली रंगवत होती ती तिची अलहालकेरे ही भूमी. तिथले कंद, बिया, पाऊस, आणि बायकांच्या विधीत अंगावर काढायच्या रेघा. त्या रेघा काढायचा अधिकार तिला होता कारण ती त्या जमिनीची राखणदार होती. आणि कॅनव्हासच्या आधी तिच्या यूटोपिया या भागातल्या बायका बाटिक करायच्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या जमिनीचा दावा चालला, तेव्हा त्या बाटिकचाही त्यात वाटा होता. जमीन परत मिळाली. मग त्या रंगात राजकारण नव्हतं असं कसं म्हणायचं?

याहून स्पष्ट उदाहरण ङुरारा कॅनव्हासचं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटातली मंडळी जमिनीच्या हक्कासाठी लवादापुढे गेली. वकिलांची भाषा त्यांना परकी आणि त्यांची भाषा वकिलांना परकी. तेव्हा १९९७ साली पिर्निनी इथे सगळ्यांनी मिळून आठ मीटर बाय दहा मीटरचं एक चित्र रंगवलं. त्यात प्रत्येकाची पाणवठ्याची जागा आपापल्या ठिकाणी. लवादाची माणसं आली तेव्हा कॅनव्हास जमिनीवर अंथरला, आणि साक्ष देणारा ज्याच्या त्याच्या जागेवर, म्हणजे चित्रावर, उभा राहून बोलला. २००७ मध्ये हक्क मान्य झाला.

विचार करा, हेच चित्र भिंतीवर टांगलं तर तुम्हाला रंगांचे सुंदर पट्टे आणि वर्तुळं दिसतील. डोळ्यांना ते पुरेल. पण ज्यांनी ते काढलं त्यांनी त्यावर पाय रोवून साक्ष दिली, हे कळल्यावर दिसतं ते जास्त आहे. कमी नाही.

कलमबहाद्दर

रेषा, +१. मी वकिली करतो, त्यामुळे माझी गाडी याच वळणावर जाणार.

पाऊलवाट, उद्या कॅनबेरात असाल तर संसद भवनात जा. प्रवेश मोफत आहे. यिर्कलाच्या सालीवरच्या याचिका तिथे आहेत. १९६३ साली उत्तरेच्या गोव्ह द्वीपकल्पात बॉक्साइटच्या खाणीसाठी सरकारने तिथल्या योलंगू आदिवासींची जमीन परस्पर देऊन टाकली. त्यांनी इंग्रजीत आणि स्वतःच्या भाषेत अर्ज टंकलिखित केला, झाडाच्या सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांची चित्रं काढून चौकट केली. ती चौकट म्हणजे शोभेची किनार नव्हे, सही-शिक्का आहे. या जमिनीवर आमचा हक्क कोणत्या कायद्याने आहे, ते चौकटीत लिहिलंय. मजकूर आहे तो फक्त संसदेच्या सोयीसाठी. जगात इतका देखणा कायदेशीर कागद दुसरा असेल असं मला वाटत नाही.

संसदेने समिती नेमली, खाण तरीही झाली. योलंगू न्यायालयात गेले, १९७१ मध्ये हरले. पण त्या हरण्यातून पुढचं सगळं हललं: १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा जमीन हक्क कायदा, आणि १९९२ चा माबो खटला, ज्यात 'ही जमीन कोणाचीच नव्हती' हे गृहीतकच देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या हाय कोर्टाने, मोडीत काढलं.

याचिकेच्या चार प्रती केल्या होत्या. चौथीचा अनेक दशकं पत्ता नव्हता. ती २०२२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बी गावात एका घरात सापडली आणि पुढच्या वर्षी यिर्कलाला परत गेली.

संसद भवनातच १९८८ चं बरुंगा निवेदनही पाहा. रंगवलेल्या चौकटीत सरकारने आदिवासींशी करार करावा अशी मागणी आहे. पंतप्रधान बॉब हॉक यांनी ते स्वीकारलं आणि करार होईल असं सांगितलं. तो आजतागायत झालेला नाही.

कुतूहल

वाचतेय. कलमबहाद्दर, त्या सालीच्या चौकटीबद्दल सांगितलंत ते फारच आवडलं. मी दोन वर्षांपूर्वी त्याच दालनातून गेले आणि मला ती जुनी फोटोफ्रेम वाटली होती. गाईडने काही सांगितलंच नाही.

निवांत

प्रश्न विचारतो, राग नसावा. याचिका संसदेत काचेत, ओंडके गॅलरीत. विरोध केला त्यांनी आणि तो मिरवतंय सरकार. काचेत ठेवलेला राग थंड होतो असं नाही का वाटत? पर्यटकाला तर सगळं 'किती छान जपलंय' असंच वाटणार.

सिडनीकर

निवांत, म्हणूनच गॅलरीतून बाहेर पडून जुन्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर जायचं. २६ जानेवारी १९७२ ला चार तरुणांनी तिथे समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला ॲबोरिजिनल दूतावास म्हटलं. आपल्याच देशात आपण परके, तर आपलाही दूतावास हवा, ही त्यांची कल्पना. पुढे तंबू आले, पोलिसांनी ते पाडले, पुन्हा उभे राहिले. १९९२ पासून तर सलग आहेत. गॅलरीपासून चालत जाण्याइतकं जवळ. ते काचेत नाही आणि कोणी जपतही नाही. तिथली माणसं तिथे राहतात, तेव्हा आधी नमस्कार करा, विचारा, मगच कॅमेरा काढा. बोलायची इच्छा असेल तर ती मंडळी भरभरून बोलतात.

आणि हाच तंबू कलाकार रिचर्ड बेल जगभरच्या संग्रहालयांत घेऊन जातो. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०२३ ला लावला होता. आत फलक, माहितीपट, गप्पा. हा तोच माणूस ज्याने 'ॲबोरिजिनल आर्ट ही गोऱ्यांची गोष्ट आहे' असं मोठ्या अक्षरांत चित्रावर लिहिलं आणि त्याच चित्राला २००३ मध्ये आदिवासी कलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जुनंखोड

हे बेल महाशय मला आवडतील असं वाटतंय.

रेषाताई, ङुरारा कॅनव्हासचा मुद्दा मान्य. पाय रोवून साक्ष, हे विसरणार नाही. तरी माझं एक म्हणणं कायम. प्रवाशाने जाण्याआधी इतकं वाचून जाऊ नये की डोळा बंद पडेल.

मृदगंध

मूळ प्रश्नात मुलांचा उल्लेख होता, त्यावर लिहिते.

आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. २०२४ मध्ये याच गॅलरीत विन्सेंट नामात्जिरा या आदिवासी चित्रकाराचं प्रदर्शन होतं. राण्या, राजे, पंतप्रधान, खाणमालक, त्याच्या समाजातले पुढारी, सगळ्यांचे चेहरे त्याने एकाच तऱ्हेने वेडेवाकडे, जाड रेषांत रंगवलेले. मुलगी खळखळून हसली आणि तिथून पुढे कंटाळलीच नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत बाईंनी, त्या खाणींच्या मालकीण, आपलं चित्र काढून टाका अशी मागणी गॅलरीकडे केली. गॅलरीने काढलं नाही. मग काय, ते चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

हसून झाल्यावर मी तिला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. अल्बर्ट नामात्जिरा. वाळवंटातले पांढऱ्या खोडाचे वृक्ष आणि निळेजांभळे डोंगर जलरंगात काढणारा, देशभर नावाजलेला, राणीला भेटलेला चित्रकार. पण तेव्हा नॉर्दर्न टेरिटरीतले आदिवासी सरकारचे पाल्य मानले जात. १९५७ मध्ये अल्बर्ट आणि त्याच्या बायकोला त्यातून वगळलं, म्हणजे त्यांना नागरिकाचे हक्क मिळाले. मुलांना नाही. पाल्यच राहिलेल्या नातेवाईकांना दारू देणं हा आता त्याच्यासाठी गुन्हा झाला, आणि त्याच्या समाजात तर जे आहे ते वाटूनच घ्यायचं असतं. १९५८ मध्ये त्याला शिक्षा झाली, १९५९ मध्ये तो गेला. त्याच्या चित्रांचे हक्क कुटुंबाच्या हातून गेलेले, ते २०१७ मध्ये परत मिळाले.

मुलगी पुन्हा मागे गेली आणि पणतवाने काढलेली राणी तिने नीट उभं राहून पाहिली. म्हणून माझं मत: मुलांना तारखा नकोत, एका घरातल्या माणसांची गोष्ट द्या. ती त्यांना कळते.

पाऊलवाट

मृदगंध, फार उपयोगी! लेकीला आज रात्री हीच गोष्ट सांगते. कलमबहाद्दर, उद्या सकाळी संसद भवन नक्की.

तिखटमीठ

फोटो??

रेषा

तिखटमीठ, फोटोंचं जरा जपून असतं. काही वस्तूंचे फोटो काढायला मनाई असते, तिथे पाटी असते. आणि बऱ्याच दालनांच्या दारात सूचना दिसेल की आत मृत व्यक्तींची नावं, चित्रं, आवाज असू शकतात. अनेक समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. ती सूचना त्यांच्यासाठी आहे. आपण नुसतं भान ठेवायचं.

अणुरेणू

कोणीच यॉनी स्कार्सचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. कलेतलं फारसं कळत नाही, पण हे काम माझ्या डोक्यातून जात नाही.

ब्रिटिशांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात मरालिंगाला अणुचाचण्या केल्या. १९५६ आणि ५७ मध्ये सात स्फोट, आणि त्यानंतर १९६३ पर्यंत लहान प्रयोग, ज्यांनी प्लुटोनियम आसपास पसरलं. तिथल्या माणसांना आधीच हलवलेलं, काही जण तरीही त्या भागात फिरत होते. स्फोटाच्या उष्णतेने तिथली वाळू वितळून काच झाली. यॉनी स्कार्स त्याच राज्यातल्या कोकाथा आणि नुकुनू समाजाची, जन्म वूमेराचा, म्हणजे क्षेपणास्त्र चाचणीच्या गावातला. ती काच फुंकून वस्तू बनवते.

तिचं 'थंडर रेनिंग पॉयझन' हे २०१५ चं काम. फुंकून केलेले सुमारे दोन हजार काचेचे कंद, छतापासून तारांनी लोंबकळणारे. तिथले लोक खातात त्या जंगली कंदांच्या आकाराचे. दुरून ढगासारखं, पावसासारखं दिसतं. जवळ गेलं की एकेक कंद वेगळा: काही स्वच्छ, काही धुरकट, काही काळपट. वाळूची काच होणं हे मी वर्गात एका वाक्यात शिकवतो. इथे ते अन्नाच्या आकारात समोर टांगलं होतं.

१९८०च्या दशकात चौकशी आयोग बसला. १९९४ मध्ये मरालिंगाच्या लोकांना साडेतेरा दशलक्ष डॉलर भरपाई मिळाली. जुनंखोड, मला यात पाटी वाचायची गरज होती की नव्हती ते ठरवता येत नाही. पण मी आधी काच पाहिली आणि मग मरालिंगा वाचलं. त्या क्रमाने ते अंगावर आलं.

जुनंखोड

अणुरेणू, हाच माझा मुद्दा आहे. आधी काच.

खरेदीखत

थोडं अवांतर. सिडनीत दुकानांतून ठिपक्यांची चित्रं, बूमरँग, मुखपट्ट्या खच्चून भरलेल्या असतात. घ्यायचं काय आणि टाळायचं काय? आईने बूमरँग आणायला सांगितलंय.

सिडनीकर

खरेदीखत, नाव सार्थ केलंत!

अवांतर मुळीच नाही, याच धाग्याचा विषय आहे. सरकारच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये पाहणी केली, तेव्हा आदिवासी नक्षीच्या स्मृतिचिन्हांवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून जास्त पैसा नकली वस्तूंवर जातो असं दिसलं. एका घाऊक व्यापारी कंपनीला २०१९ मध्ये न्यायालयाने २३ लाख डॉलर दंड केला, कारण इंडोनेशियात बनवलेले बूमरँग आणि डिजेरिडू (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) ती आदिवासींनी हाताने रंगवल्यासारखे विकत होती.

घेताना विचारा: कलाकाराचं नाव काय, गाव कुठलं, कोणत्या कलाकेंद्रातून आलं? दुकानदाराला उत्तर देता आलं तर घ्या. गॅलऱ्यांच्या दुकानात बरीच खात्रीची वस्तू मिळते. मोठं चित्र असेल तर प्रमाणपत्र मागा. २०१० पासून असं चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत हजार डॉलर किंवा जास्त असेल, तर कलाकाराला पाच टक्के मिळतात.

कलमबहाद्दर

यात भर घालतो. १९६६ ला ऑस्ट्रेलियाची नवी एक डॉलरची नोट आली, तिच्यावर डेव्हिड मालांगीचं चित्र होतं. एका शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं. त्याला विचारलंच नव्हतं. कोणा अनाम, जुन्या काळच्या माणसाचं असावं असं धरून चालले होते. बोंब झाल्यावर हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. देशाच्या नोटेवर! आणि हा मालांगी पुढे त्या दोनशे ओंडक्यांच्या कलाकारांतही होता. पाऊलवाट, तुम्ही त्याचं काम पाहून आला आहात.

निवांत

हे माहीत नव्हतं. ज्याला नोटेसाठी विचारलं नाही त्याने वीस वर्षांनी राष्ट्रीय गॅलरीत उभं केलेलं काम. माझा काचेतल्या रागाचा मुद्दा थोडा मागे घेतो.

बोरूवाला

आपल्याकडच्या वारली चित्रांचंही पिशव्या-कप-टी-शर्ट असंच झालंय. त्यावरही बोलायला हवं.

रेषा

बोरूवाला, नक्की, नवा धागा काढा, मी येते. इथे ऑस्ट्रेलियाच राहू दे.

नदीकाठ

ब्रिस्बेनहून लिहिते. आमच्या गावातलं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या बाहेर फिओना फोली या आदिवासी कलाकाराचं शिल्प आहे, 'विटनेसिंग टू सायलेन्स'. २००४ चं. कांस्याचे कमळाचे देठ, त्यांच्यामधून धुकं सोडलेलं, स्टीलचे खांब, त्यांत काचेमध्ये राख गच्च भरलेली, आणि खाली फरशीवर क्वीन्सलँडमधल्या ठिकाणांची नावं कोरलेली. काम मंजूर होताना तिने सांगितलं होतं की विषय वणवे आणि पूर. सगळं बसवून झाल्यावर तिने खरं सांगितलं: ती ९४ ठिकाणं आदिवासींच्या हत्याकांडांची आहेत. प्रेतं जाळायचे किंवा पाण्यात टाकायचे, म्हणून राख आणि पाणी.

कोर्टाच्या दारात! रोज वकील, पोलिस, आरोपी त्या नावांवरून चालत आत जातात. मीही कामानिमित्त कित्येकदा गेले आहे. आधीच सांगितलं असतं तर हे मंजूर झालं नसतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिने जे केलं ते योग्यच केलं असं मी मानते.

कलमबहाद्दर

नदीकाठ, अंगावर काटा आला. न्यायालयाच्या दाराइतकी योग्य जागा दुसरी नाही.

जुनंखोड

हे मात्र सगळ्यांत भारी. आधी कमळं, धुकं आणि गावांची नावं. लोक खुशाल बघतात. मग अर्थ येतो आणि बघणारा अडकतो. कलाकाराला ठाऊक होतं की डोळा आधी जातो आणि पाटी नंतर. ब्रिस्बेनला गेलो तर कोर्टात काही काम नसतानाही जाईन.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सिडनीहून लिहितेय.

संसद भवन झालं. सालीच्या याचिका पाहिल्या. सासूबाईंना इंग्रजी मजकुरात रस नव्हता, त्या चौकटीकडेच बघत होत्या. "सालीच्या शिरांवरून रेघ फुटू न देता काढलीय, हात किती स्थिर असेल," म्हणाल्या. जुनंखोड, तुमच्या बाजूचं एक मत आमच्या घरात आहे!

हिरवळीवरच्या दूतावासापाशीही गेलो. सिडनीकरांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारलं. एक वयस्क बाई होत्या, त्यांनी लेकीला जवळ बसवून झेंड्याचे रंग समजावले: काळा माणसांचा, लाल मातीचा, मधला पिवळा सूर्य. लेकीने विचारलं, इथे किती दिवस राहणार? त्या म्हणाल्या, संसद आहे तोवर.

आणि काल हाइड पार्क. सासरे फौजेतून निवृत्त झालेत. ती काडतुसं पाहिल्यावर सिडनीकरांनी लिहिलेली गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परत आल्यावर यांना काय मिळालं?" दोन्ही महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी द्यायची योजना होती, तिच्यात आदिवासी सैनिकांना बहुतेक वगळलं गेलं, काही ठिकाणी तर त्यांच्याच राखीव जमिनी काढून गोऱ्या सैनिकांना वाटल्या. हे कळल्यावर ते भयंकर चिडले. नवऱ्याला म्हणाले, "हे कोणाच्या घरातलं भांडण नाही, हा फौजेचा मामला आहे." नवरा गप्प. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण संध्याकाळी आर्ट गॅलरीला जाऊया असं तो आपणहून म्हणाला.

माझ्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: आधी पाहायचं, मग पाटी, मग तिथेच पुन्हा पाहायचं. दुसऱ्यांदा पाहण्यासाठी वेळ ठेवायचा, म्हणजे दालनं कमी करायची. एका दिवसात तीन संग्रहालयं उरकायची सवय इथे सोडावी लागते, कारण दुसऱ्या वेळीच खरं दिसतं. आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं दार लागतं. सासूबाईंना हात, सासऱ्यांना फौज, लेकीला पणजोबा.

आर्ट गॅलरीत नक्की कुठे जाऊ?

सिडनीकर

पाऊलवाट, नवीन इमारतीत जा, नाला बाडू नावाची. यिरिबाना हे आदिवासी कलेचं दालन तिथेच आहे. सर्वसाधारण प्रवेश मोफत. बुधवारी गॅलरी रात्री उशिरापर्यंत उघडी असते, म्हणजे सासूसासऱ्यांना दुपारी विश्रांती देऊन निवांत जाता येईल. टिवी बेटांवरचे रंगवलेले पुकुमानी खांब, म्हणजे थडग्याभोवती उभारायचे खांब, कुठे मांडलेत ते आत विचारा. १९५८ मध्ये गॅलरीसाठी मुद्दाम करवून घेतलेले सतरा खांब. तोवर अशा वस्तू नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात, दगड आणि प्राण्यांच्या सांगाड्यांशेजारी ठेवत. ते कलादालनात येणं हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

खरेदीखत

आणि गॅलरीच्या दुकानात बूमरँग मिळतो का ते बघून सांगा ना. नाव-गावासकट.

पाऊलवाट

बघते आणि सांगते. तिखटमीठ, हिरवळीवरचा फोटो त्या बाईंना विचारून काढलाय, रात्री टाकते.